जिना न चढलेली बॅटरी

कंडक्टरबाईंच्या नळीची लांबी सात मीटर. तिचं एक टोक हॉलच्या कोपऱ्यातल्या प्राणवायूच्या मशीनला आणि दुसरं बाईंच्या नाकाला. सात मीटरमध्ये काय काय येतं ते बाईंना झोपेतून उठवून विचारा, सांगतील. स्वयंपाकघराचा ओटा येतो, फ्रिज येत नाही. न्हाणीघर येतं. बाल्कनीच्या पहिल्या दोन फरश्या येतात, कठडा येत नाही. आणि कठडा येत नाही म्हणून खालचा रस्ता दिसत नाही, नुसता ऐकू येतो. आता नशिबाचा खोडसाळपणा बघा, नेमकी सतरा नंबरची बस त्याच रस्त्याने जाते. एकतीस वर्षं जिच्यात उभं राहून बाईंनी तिकिटं फाडली ती बस दिवसातून ऐंशी वेळा घराखालून घरघरत जायची आणि बाईंना तिचं छप्परसुद्धा दिसायचं नाही. या गोष्टीचा त्यांना असा काही संताप यायचा की विचारू नका.

वय सहासष्ट. फुप्फुसांनी दगा दिला होता, पण घसा ठणठणीत होता. दुसऱ्या मजल्यावरून हाक मारली की तळमजल्यावरच्या शिंप्याच्या हातातली सुई थांबायची. सून दातांच्या दवाखान्यात कामाला होती. ती संध्याकाळी जिना चढायला लागली की बाई पावलांवरून ओळखायच्या, आज डॉक्टरांशी खटका उडालाय की सगळं आलबेल आहे. दार उघडायच्या आतच प्रश्न यायचा, "काय म्हणाला गं तो मेला?" सून खळखळून हसायची आणि चपला काढता काढता सगळं सांगून टाकायची. दोघींचं मेतकूट असं जमलेलं की मुलाला कधी कधी वाटायचं, या घरात बाहेरून आलो तो मीच.

तर हा मुलगा. लिफ्ट बसवायच्या आणि दुरुस्त करायच्या हा त्याचा धंदा. लोकांना दहा दहा मजले वर पोचवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, यावरून बाई त्याला येता जाता टोमणे मारायच्या. माणूस मोठा गुणी, पण त्याला धंद्याची एक खोड लागली होती. जे काही लागेल त्याच्या दुप्पट धरायचं. कपडे वाळत घालायला दोरी आणली तर अशी, की दोन धडधाकट माणसं लोंबकळली तरी तिने हूं की चूं करू नये. तासाभराच्या प्रवासाला दोन तास आधी निघायचा. सून म्हणायची, "यांनी लग्न एकदाच केलं, हेच नवल."

चौदा महिन्यांपूर्वी मशीन घरात आलं आणि त्यासोबत एक छोटा सिलिंडर आला. वीज गेली की मशीन बंद, मग नळी सिलिंडरला लावायची. तो पुरायचा चार तास. एरवी कधी चार पावलं खाली जाऊन यावं म्हटलं तर सिलिंडर घेऊन जाता आलंही असतं, पण मुलगा त्याला हात लावू द्यायचा नाही. "आई, तो फक्त वीज गेली तर. चुकून त्याच वेळी वीज गेली म्हणजे?" आणि त्याच वेळी वीज जाणार याची त्याला पक्की खात्री. बाई मैत्रिणींना फोनवर सांगायच्या, "माझी हवा कुलपात ठेवलीय गं याने."

या वर्षी रस्ते खणायला घेतले आणि वीज खरोखरच जायला लागली. अर्ध्या तासासाठी म्हणून जायची आणि दोन तासांनी उगवायची. एका दुपारी तर हद्द झाली. सिलिंडरचा काटा लाल रेघेखाली गेला, मुलगा कामावरून धापा टाकत आला, सून दवाखाना सोडून आली, आणि दुसरा सिलिंडर घेऊन गाडी येतेय तेवढ्यात घरातले दिवे लागले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मुलगा मात्र जमिनीवर बसून राहिला. दिवे लागले तरी त्याचे डोळे काट्यावरून हलेनात. बाईंनी ते पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच एकही टोमणा मारला नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात एकच विषय. दुकानदार जिला पॉवर स्टेशन म्हणतात ती मोठी बॅटरीची पेटी घ्यायची. भिंतीच्या प्लगमध्ये लावून भरून ठेवायची आणि वीज गेली की मशीन तिच्यावर चालवायचं. धूर नाही, आवाज नाही. पण कुठली घ्यायची? मुलगा चार संध्याकाळी माहितीपत्रकं घेऊन बसला. लिफ्टच्या तपासणीचे कोरे फॉर्म घरात पडलेले असायचे, त्यांच्या पाठीवर त्याने तक्ते आखले. शेवटी दुकानातून व्हिडिओ कॉल लावला, म्हणजे बाईंनाही पेट्या बघता येतील.

दुकानदाराने तीन पेट्या ओळीने मांडल्या. छोटी, मधली, मोठी.

"मशीन साडेतीनशे वॉटचं आहे," मुलगा म्हणाला. "किती किती वेळ चालेल बोला."

"छोटी अडीच तास, मधली पाच तास, मोठी जवळजवळ नऊ तास," दुकानदार म्हणाला.

सुनेने विचारलं, "वीज गेल्यावर मशीन बंद पडून पुन्हा चालू करावं लागेल, की आपोआप चालेल?" आपोआप चालेल म्हणाला. मुलाने विचारलं, भरायला किती वेळ लागतो, बॅटरी किती वर्षं टिकते, पंख्याचा आवाज किती, मशीनची मोटर तापणार नाही ना. दुकानदाराच्या नाकी नऊ आले. बाई इतका वेळ गप्प होत्या, हेच खरं तर घरच्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

"अहो दादा," बाई म्हणाल्या, "ती छोटी जरा उचलून दाखवा."

दुकानदाराने एका हाताने उचलली.

"आता मधली."

मधली त्याने दोन्ही हातांनी उचलली आणि थोडा लाल झाला.

"आणि मोठी?"

दुकानदार हसला. त्याने मूठ बाहेर ओढली आणि पेटी चाकांवरून गरगरत पुढे आणली.

"उचला म्हटलं मी, ओढा नाही म्हटलं."

"आई, चाकं आहेत तिला!" मुलगा वैतागला. "घरात एका जागी ठेवायचीय, मिरवायला न्यायची नाहीये."

बाईंना मिरवायलाच न्यायची होती, पण हे सांगणार कसं? त्यांच्या मनात एक बेत कित्येक दिवस शिजत होता. पेटी हातात धरून कुणीतरी जिना उतरायचा, मागून मशीन, मागून आपण. खाली इमारतीच्या दारापासून चाळीस पावलांवर बसथांबा आहे, तिथल्या बाकावर बसायचं. बस. सतरा नंबर येताना बघायची आणि जाताना बघायची. यापलीकडे काही मागणं नव्हतं. पण त्या दुपारी मुलाला तसा बसलेला पाहिल्यापासून त्यांना ते तोंडातून काढवेना. त्या एवढंच म्हणाल्या, "माझं मत छोटीला."

"माझं मधलीला," सून म्हणाली. "पाच तास म्हणजे रग्गड."

मुलाने तक्ता पुढे केला. "आजवर जास्तीत जास्त चार तास वीज गेलीय. चारचे दुप्पट आठ. आठ तास फक्त मोठी देते. संपलं." मग खालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "आणि वजन म्हणाल तर बावन्न किलो. म्हणजे एक माणूससुद्धा नाही!"

लिफ्टवाल्यांच्या जगात वजन माणसांत मोजतात आणि त्यांचा एक माणूस भरतो अडुसष्ट किलोंचा. बावन्न किलो म्हणजे बटण दाबायचं आणि वर जायचं. पंचवीस वर्षं असंच सामान चढवलेल्या माणसाला आपल्या घराला जिना आहे हे तक्ता भरताना आठवलं नाही, तर त्यात त्याचा तरी काय दोष? पण सुनेला आठवायला हरकत नव्हती. ती नंतर म्हणाली, "मला वाटलं, यांनी धरलं असेलच की काहीतरी."

पेटी आली ती सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाला. टेम्पोवाल्यांनी ती तळमजल्याच्या दारात उतरवली, सही घेतली आणि म्हणाले, "आमचं काम दारापर्यंत." आणि झाले की चालते! मुलगा जिन्याकडे बघतोय, पेटीकडे बघतोय. शिंपीदादा दुकानातून बाहेर आले. त्यांनी गळ्यातला टेप काढून आधी पेटी मोजली, मग जिना मोजला आणि हळूच म्हणाले, "अंगाला घट्ट होणार हो."

तरी दोघांनी बाह्या सरसावल्या. वर बाई बाल्कनीच्या दुसऱ्या फरशीवर कान लावून उभ्या. दिसत काही नव्हतं, पण हुकूम चालू होते. "डावीकडून घ्या! अरे, खालच्याने जोर लावायचा, वरच्याने नुसतं धरायचं!" चार पायऱ्या झाल्या. पाचवीवर शिंपीदादांची कंबर बोलली. वळणावर पेटी भिंतीला अशी टेकली की वरही जाईना आणि खालीही येईना. मग वरच्या माळ्यावरचे दोघं धावून आले आणि चौघांनी मिळून ती सुखरूप परत खाली आणली. तासाभराची मेहनत आणि पेटी जिथल्या तिथे. बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. सून एका हाताने त्यांची पाठ चोळत होती आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं हसू दाबत होती.

मुलगा वर आला तो घामाने निथळत, तोंड एवढंसं करून. "लिफ्टवाला म्हणे मी," असं पुटपुटत आईच्या पायाशी जमिनीवर बसला. "सात दिवसांत परत घेतात ते. उद्या बदलून आणतो. तुझंच खरं होतं आई, छोटीच घ्यायला हवी होती. तुला वजनाचं सुचलं, मला मेल्याला नाही."

आता हे श्रेय फुकटात पदरात पडत होतं. दुसरं कुणी असतं तर गुपचूप घेतलं असतं. पण बाईंनी आयुष्यात कुणाला फुकट काही नेऊ दिलं नव्हतं आणि स्वतःही नेलं नव्हतं.

"जिन्याचं मलाही सुचलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला छोटी हवी होती ती बाहेर न्यायला."

"बाहेर? कुठे?"

"कुठेही. खाली. थांब्यावर." बाईंचा आवाज एरवी घर दणाणून सोडणारा, तो एकदम लहान झाला. "चौदा महिने झाले रे मी रस्ता पाहिला नाहीये. मला बाहेर जायचंय. किती दिवस म्हणतेय, सांगू सांगू. पण तू त्या काट्याकडे असा बघतोस ना, की तुझा चेहरा बघून माझे शब्दच परत जातात."

 मुलाने आईचा पाय धरला. त्याला रडू येत होतं आणि ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. मग सुनेनेच फोन उचलला आणि छातीच्या डॉक्टरांना लावला. आईंना खाली नेलं तर चालेल का, जिना उतरताना सिलिंडर आणि खाली मशीन बॅटरीवर, असं सगळं सविस्तर विचारलं. डॉक्टर पलीकडून इतक्या मोठ्याने बोलले की खोलीभर ऐकू आलं. "चालेल का काय विचारता? मी तर मागेच म्हणालो होतो, त्यांना हिंडतं फिरतं ठेवा! उतरताना दमादमाने, चढताना मात्र खुर्चीत बसवून उचलून आणा. चौदा महिने कशाची वाट बघत होतात?"

मुलाने मान खाली घातली.

"मग उद्या छोटी आणतो," तो म्हणाला.

"कशाला?" बाईंचा आवाज आता जागेवर आला होता. "मोठी काय वाईट आहे? खाली बसलीय ना, बसू दे. मला जायचंय तेही खालीच! आणि घरचं म्हणशील तर तुम्ही लोक लिफ्टसाठी वरून खाली वायर सोडता ना? ही खालून वर घे."

मुलगा आईकडे बघतच राहिला. मग ताडकन उठला, हत्यारांची पिशवी घेतली आणि खाली पळाला. दुपारपर्यंत शिंप्याच्या दुकानाच्या कोपऱ्यातून भिंतीच्या कडेने जाड वायर वर चढली आणि हॉलमध्ये मशीनशेजारी नवा प्लग बसला. वायर जेवढी जाड लागत होती त्याच्या दुप्पट जाड होती, हे सांगायला नकोच. वीज गेली की पेटी खालून मशीन चालवणार आणि जागेच्या बदल्यात शिंपीदादांच्या शिलाई मशीनवरचा दिवाही जळणार. शिंपीदादा खूश. त्यांनी पेटीला मोजून मापून जाड कापडाची खोळ शिवली, खिशासकट.

पुढच्या रविवारी सकाळी नऊला बाई निघाल्या. कपाटातली निळी साडी, केसांना तेल, पायात नव्या चपला. सुनेने सिलिंडर खांद्याला अडकवला. मुलाने पंधरा किलोचं मशीन आधीच खाली नेऊन पेटीवर ठेवलं होतं आणि पट्ट्यांनी असं आवळलं होतं की भूकंप आला तरी हलू नये. अडतीस पायऱ्या, प्रत्येक वळणावर स्टूल. बाई दर स्टुलावर बसायच्या, श्वास जमवायच्या आणि म्हणायच्या, "चला." खाली नळी सिलिंडरवरून काढून मशीनला लावली. पेटीच्या पडद्यावर आकडा उमटला, आठ तास पन्नास मिनिटं. मुलाने मूठ धरली आणि वरात निघाली. पुढे पेटी, पेटीवर घुरघुरणारं मशीन, मग नळी, मग सुनेचा हात धरून कंडक्टरबाई. चाळीस पावलांना दहा मिनिटं लागली, कारण दर दोन पावलांवर कुणीतरी थांबवत होतं. "बाई, तुम्ही! किती दिवसांनी!" बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावत नव्हतं.

थांब्यावरच्या बाकावर त्या बसल्या. सतरा नंबर आली. नवी कोरी बस, चढायला उतार असलेली, दाराशी कंडक्टरऐवजी तिकिटाचं यंत्र. "ठोकळा," बाई म्हणाल्या. पण बसकडे बघत मात्र राहिल्या, वळणाआड जाईपर्यंत. मग दुसरी आली, तिसरी आली. बाई प्रत्येकीची वेळ घड्याळात बघत आणि ताशेरे मारत, "ही तीन मिनिटं उशिरा. आमच्या वेळी शिट्टी वाजली असती."

चौथ्या बसचा ड्रायव्हर दार उघडून बघतच राहिला. केस पिकलेले, पण बाईंनी लगेच ओळखलं. हा नवखा असताना त्यांनी त्याला वळणं शिकवली होती आणि रोज फैलावर घेतलं होतं.

"बाई! अहो, इथे काय करताय?"

"तुझी बस बघतेय. आरसा पूस तो."

"बघताय काय, चढा!" त्याने बटण दाबलं आणि दारातून उतार खाली आला.

बाईंनी मुलाकडे पाहिलं. हे बेतात नव्हतं. फक्त थांबा ठरला होता, तासभर आणि परत. मुलगा पेटीच्या पडद्याकडे वाकला, मग त्याने आईच्या तोंडाकडे बघितलं. ते तोंड त्याने लहानपणी खूप वेळा पाहिलं होतं. ड्यूटीवरून आलेली आई दारात उभी राहून दिवसभराच्या गमती सांगायची, अगदी तेव्हाचं. तो पेटी उतारावरून वर ढकलायला लागला. दोन प्रवासी मदतीला आले. पेटी चाकांच्या खुर्चीसाठी राखलेल्या जागेत बसली. सुनेने यंत्रातून तीन तिकिटं काढली आणि बाईंना खिडकीपाशी बसवलं.

बस सुटली. एकतीस वर्षं बाईंनी हा रस्ता केला होता, पण उभ्याने, माणसांच्या खांद्यांतून आणि पिशव्यांतून. खिडकीत त्या कधी बसल्याच नव्हत्या. शाळा, दूधकेंद्र, लाकडाची वखार, पुलावरचा वारा. प्रत्येक थांब्याआधी त्यांचं तोंड आपोआप उघडायचं. आधी हळू, मग खणखणीत. "चला, वखार! वखारवाले!" यंत्राशी झुंजणाऱ्या एका आजोबांना त्यांनी बसल्या जागेवरून सगळी बटणं समजावली. एक छोटी मुलगी नळीकडे बघत होती, तिला म्हणाल्या, "माझं इंजिन मागे बसलंय बघ." बसभर हशा पिकला. मुलगा पेटीशी उकिडवा बसून होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, पण तोही हसतच होता.

पन्नास मिनिटांनी शेवटचा थांबा आला. समोर तळं, उन्हात लखलखणारं. बाकी सगळे उतरले. ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "बाई, चार मिनिटांत परत निघतो. बसताय ना?"

बाई खिडकीतून पाण्याकडे बघत होत्या.

"या तळ्यावर मी दिवसातून चार वेळा आलेय," त्या म्हणाल्या. "चार मिनिटांत खाली उतरून हिशेबाची चिठ्ठी भरायची, पाणी प्यायचं आणि परत. एकदाही काठापर्यंत गेले नाही."

सून मुलाकडे बघायला लागली. मुलाने पडद्यावरचा आकडा वाचला. "सात तास दहा मिनिटं."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय," मुलगा पेटीची मूठ ओढत म्हणाला, "दादा, तुम्ही व्हा पुढे. आम्ही पुढच्या बसने येतो. नाहीतर त्याच्या पुढच्या."

उतारावरून पेटी खाली आली, मागून नळी, मागून बाई. काठाकडे जाणारी वाट सपाट होती, चाकं छान चालत होती. बाईंनी सुनेचा हात सोडला आणि पहिली चार पावलं एकटीने टाकली.